गणवेशावरचे बॅज: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुलै-ऑगस्टमध्ये ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ भागातल्या शाळांत स्काऊट-गाईडची पथकं नव्याने उभी राहतात, आणि बॅज शिवण्याबद्दलची पत्रं आमच्याकडे येऊ लागतात. यंदाच्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सगळी उत्तरं भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या गणवेशाला धरून आहेत.

प्रश्न: मुलगा सहावीत आहे. पुढच्या आठवड्यात त्याचा दीक्षाविधी आहे. शाळेने एक हिरवा बॅज, एक जांभळा बॅज, शाळेचं नाव असलेल्या दोन कमानदार पट्ट्या आणि तीन रंगीत फिती घरी पाठवल्यात. कुठलं कुठे शिवायचं? टेलर म्हणतो, ‘दाखवा तिथे लावतो.’
– एक आई, ऐरोली

उत्तर: टेलरला दाखवण्याआधी एक गोष्ट पक्की करा: डावा म्हणजे घालणाऱ्याचा डावा. शर्ट टेबलावर समोर पसरला की तो आपल्या उजव्या हाताला येतो, आणि सर्वाधिक बॅज इथेच चुकतात. शर्ट मुलाच्या अंगात असतानाच डाव्या खिशावर खडूने ‘डा’ लिहून द्या.

हिरव्या कापडावर पिवळं चिन्ह आणि मध्ये अशोकचक्र असलेला तो सदस्य बॅज. तो डाव्या खिशाच्या मध्यावर. जांभळ्या कापडावर पांढरं कमळासारखं चिन्ह आणि भोवती दोरीचं कडं असलेला तो जागतिक स्काऊट बॅज. तो उजव्या खिशाच्या मध्यावर. दोरीची गाठ खाली आली पाहिजे. घाईत हा बॅज उलटा शिवलेला आम्ही पुष्कळदा पाहतो. शाळेच्या नावाच्या पांढऱ्या पट्ट्या, लाल अक्षरांच्या, दोन्ही खांद्यांवर, बाहीच्या शिवणीच्या लगेच खाली. तीन रंगीत फिती म्हणजे तुमच्या मुलाच्या संघाचे, म्हणजे पथकातल्या त्याच्या छोट्या तुकडीचे रंग. त्या फक्त डाव्या बाहीवर, नावाच्या पट्टीखाली.

आता महत्त्वाचं. सदस्य बॅज दीक्षेआधी शिवू नका. वचन घेतल्यानंतर तो मिळायचा असतो, आणि मुलाला त्या क्षणाची वाट पाहू द्यावी. जागा मोजून खडूची बारीक खूण तेवढी करून ठेवा, म्हणजे समारंभाच्या संध्याकाळी शिवायला दहा मिनिटं लागतील. स्कार्फ, खांद्याच्या पट्ट्या आणि जागतिक बॅजबद्दल तुमच्या स्काऊट मास्तरांना विचारा. दीक्षेच्या वेळी ते काय हाताने देणार आहेत तेवढं वगळून बाकीचं आधी शिवा.

खिशाचा मध्य शोधताना झाकण असलेला खिसा असेल तर झाकण बंद करा आणि खाली जो भाग दिसतो त्याचा मध्य घ्या. पूर्ण खिशाचा मध्य घेतला तर बॅजचं डोकं झाकणाखाली जातं.

प्रश्न: बाहीवरचा बॅज नेहमी पुढे सरकलेला दिसतो. मोजून लावला तरी.
– एक पालक, कोपरी

उत्तर: तुम्ही बहुतेक इस्त्रीच्या घडीवरून मोजता, आणि ती घडी प्रत्येक वेळी थोडी इकडेतिकडे पडते. खांद्याची शिवणही भरवशाची नाही. पुष्कळ तयार शर्टांत ती एक-दीड सेंटीमीटर पुढे असते. खांद्यावरचा पट्टा मात्र शर्टाच्या खऱ्या मध्यावर बसवलेला असतो, म्हणून त्याच्या मध्यापासून खाली रेघ ओढा. दुसरी खात्री अशी: बाही सपाट ठेवून काखेची शिवण एका कडेला आणा, समोरची कड म्हणजे बाहीचा मध्य. या दोन्ही खुणा जुळल्या की बॅज हलणार नाही.

शेवटी शर्ट मुलाला घालून, आत खोचून, पट्टा बांधून, हात सरळ सोडून बघा. शर्ट खोचला की खांदा थोडा मागे ओढला जातो, ते हँगरवर कळत नाही.

लहान मुलांच्या अर्ध्या बाहीवर जागेची अडचण होते तीही आधीच मोजून घ्यावी. समजा बाही 19 सेंमी लांब आहे. खालची दुमड 2.5 सेंमी गेली, राहिले 16.5. नावाच्या कमानीला 3, फितींना 5, सोपान बॅजला (स्काऊटने पार केलेल्या पायरीचा बॅज) 5 आणि मधल्या दोन मोकळ्या जागांना एकेक, असे 15 झाले. बसतं, पण काठाकाठाने. म्हणून फिती नावाच्या पट्टीपासून लांब लावू नका, नाहीतर सोपान बॅज दुमडीवर येईल आणि बाही वर केली की अर्धा गायब होईल.

प्रश्न: मशीनवर बॅज शिवून घेतला. दोन धुण्यांत त्याच्याभोवती चुण्या पडल्या. टेलर चांगला आहे, मग चूक कुठे?
– एक पालक, घणसोली

उत्तर: चूक शिवणीत नसून आटण्यात आहे. गणवेशाचा करडा कपडा बहुधा टेरिकॉट असतो, तो पाण्यात फारसा आटत नाही. बॅजचं अस्तर सुती असलं तर ते आटतं. दोघं एकमेकांना शिवलेले असतात, त्यामुळे बॅज आखडतो आणि भोवतीचा शर्ट गोळा होतो. सुती शर्ट आणि पॉलिस्टरचा बॅज असेल तर उलट होतं, बॅज फुगून वर येतो.

उपाय शिवण्याआधीचा आहे. रंग जातो की नाही हे तपासून (ते पुढच्या एका उत्तरात आहे) बॅज अर्धा तास साध्या पाण्यात ठेवा, न पिळता पंचावर पसरून वाळवा, उलट्या बाजूने इस्त्री फिरवा. नवा शर्टही एकदा धुऊन घ्या. मगच शिवा.

टेलरला तीन गोष्टी सांगा. टाका फार बारीक नको, अडीच मिलिमीटर पुरे. वरच्या दोऱ्याचा ताण एक घर कमी. आणि वरचा दोरा बॅजच्या काठाच्या रंगाचा, बॉबिनमधला शर्टाच्या रंगाचा. आतून शर्ट स्वच्छ दिसतो आणि बाहेरून टाका काठात लपतो. काही जण पारदर्शक नायलॉनचा दोरा वापरतात. तो नको. टोकं अंगाला टोचतात आणि इस्त्री जास्त गरम झाली की दोरा वितळून तुटतो.

आधीच चुण्या पडलेल्या असतील तर इस्त्री दाबून त्या जात नाहीत. शिवण उसवा, बॅज आणि शर्ट वेगवेगळे धुऊन वाळवा, पुन्हा लावा.

प्रश्न: खिशावर बॅज शिवला आणि खिसाच बंद झाला!
– सातवीतला एक स्काऊट, वाशी

उत्तर: खिसा शर्टाला आणि बॅज खिशाला असे तीन थर असतात, आणि मशीन तिन्हींतून एकदम जाते. खिशाचे बॅज म्हणूनच आम्ही हाताने शिवायला सांगतो. हे तू स्वतः करू शकतोस.

खिशाच्या आकाराचा जाड पुठ्ठा काप, वहीच्या कव्हराचा चालेल, आणि खिशात सरकव. बॅज जागेवर ठेवून चारही बाजूंना एकेक कच्चा टाका घाल. टाचणीने बॅज उचलला जातो आणि तिरका होतो, म्हणून टाचणी नको. आता हातभर दोरा घे, एकेरी. त्यापेक्षा लांब घेतलास तर गुंततो. सुई खिशाच्या कापडातून वर आण, बॅजच्या जाड काठाचा आतला भाग उचल, लगेच शेजारी परत खाली. टाक्यांत तीन मिलिमीटरचं अंतर ठेव. सुई पुठ्ठ्याला टेकली की समजायचं, खाली शर्टापर्यंत गेलेली नाही. पूर्ण फेरी झाली की शेवटी एकाच जागी दोनदा टाका घेऊन दोरा बॅजखाली ओढून काप. कच्चे टाके काढ. पुठ्ठा बाहेर काढून खिशात हात घालून बघ.

ज्यांचा खिसा आधीच बंद झालाय त्यांनी खिशाच्या तोंडातून आत बघावं. बॉबिनचा दोरा तिथे दिसतो. दर चौथा टाका बारीक कात्रीने कापला की वरचा दोरा ओढून अख्खा निघतो, कापडाला इजा होत नाही.

प्रश्न: द्वितीय सोपान झाला. प्रथमचा बॅज तसाच ठेवून त्याच्याखाली नवा लावायचा का? मुलीच्या मैत्रिणीने दोन्ही लावलेत.
– एक वडील, नौपाडा

उत्तर: नाही. सोपानाचा बॅज एकच असतो. डाव्या बाहीवर प्रथमच्या जागी द्वितीय येतो, द्वितीयच्या जागी तृतीय, पुढे राज्य पुरस्कार, आणि त्याच्या जागी राष्ट्रपती पुरस्काराचा. वरचा बॅज खालच्या सगळ्या पायऱ्या पूर्ण झाल्याचं सांगतोच. शिबिरात दुसऱ्या पथकाचा मास्तर मुलाची बाही एका नजरेत वाचतो आणि त्यावरून त्याला तंबूचं काम द्यायचं, दोरीचं की प्रथमोपचाराचं, हे ठरवतो. दोन बॅज दिसले की त्याला विचारावं लागतं.

जुना काढताना बाहेरून ओढू नका. बाही उलटी करून आतले टाके कापा. राहिलेल्या भोकांवर ओलं फडकं ठेवून मध्यम इस्त्रीची वाफ द्या आणि नखाने कापड आडवं-उभं हलकं घासा. टेरिकॉटमध्ये भोकं बऱ्यापैकी मिटतात. शर्ट वर्षभर उन्हात वाळलेला असेल तर बॅजखालचा तुकडा गडद राहिलेला दिसेल. तो जात नाही. नवा बॅज तंतोतंत त्याच जागी लावणं हाच मार्ग, आणि पहिला बॅज मोजून लावायचं हेही एक कारण.

काढलेले बॅज टाकू नका. पुष्कळ स्काऊट ते शेकोटीच्या चादरीवर शिवतात: एक जाड जुनी चादर, शिबिरात रात्री खांद्यावर घ्यायची. शिबिरांचे, मेळाव्यांचे, इतर राज्यांतल्या मुलांशी अदलाबदल केलेले सगळे बॅज तिच्यावर शोभतात. गणवेशावर त्यांना जागा नाही.

प्रश्न: थोरल्याचा गणवेश धाकट्याला बसतो. बॅज लावलेलेच आहेत, तसेच ठेवले तर चालेल का? नवा शर्ट घेणं यंदा जमणार नाही.
– एक आई, कळवा

उत्तर: शर्ट आनंदाने वापरा. जुना, स्वच्छ, नीट इस्त्री केलेला शर्ट कुठल्याही तपासणीत उभा राहतो आणि त्यात कमीपणाचं काही नाही. मात्र थोरल्याने मिळवलेलं सगळं काढून घ्या: सोपानाचा बॅज, प्रावीण्याचे बॅज, संघनायकाच्या उभ्या पट्ट्या. ‘प्रथमोपचार’ या विषयाचा बॅज बाहीवर असलेल्या मुलाकडे दुसऱ्याचं रक्त वाहत असताना लोक वळतात. त्याला पट्टी बांधता आली नाही तर इजा त्या दुसऱ्याला होते, आणि ओशाळं या मुलाला व्हावं लागतं. म्हणून या बाबतीत आम्ही कुणालाही सूट देत नाही.

शाळा एकच असेल तर खांद्यावरच्या नावाच्या पट्ट्या तशाच राहू द्या. संघ वेगळा असेल तर फिती बदला. सदस्य बॅज आणि जागतिक बॅज काढून जपून ठेवा. धाकट्याची दीक्षा झाली की तेच पुन्हा लावता येतील. मास्तरांना आधी सांगितलंत तर समारंभात तोच बॅज त्याच्या खिशावर लावता येईल.

थोरल्याचे प्रावीण्य बॅज त्याच्या प्रमाणपत्रांबरोबर एका पाकिटात ठेवा.

प्रश्न: प्रावीण्य बॅज किती आणि कसे लावायचे? आमच्याकडे सहा झालेत, बाही लहान आहे.
– एक गाईडची आई, नेरूळ

उत्तर: प्रावीण्य बॅज उजव्या बाहीवर. दोन-दोनच्या ओळी सुबक दिसतात, आणि पुढे बॅज वाढले तरी आधीचे उसवावे लागत नाहीत. दोन बॅजमध्ये अर्धा सेंटीमीटर, खालच्या दुमडीपासून निदान एक सेंटीमीटर मोकळा. पहिली जोडी बाहीच्या मध्यरेघेच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर लावली की बाकीच्या तिच्याखाली आपोआप जुळतात. एक बॅज असेल तर तो मध्यावर न लावता पहिल्या जोडीच्या अर्ध्या जागेत लावा. काही महिने एकटा दिसेल, पण दुसरा मिळाला की हलवावा लागणार नाही.

सहाही एकदम शिवायला द्यायचे असतील तर टेलरला काखेची शिवण उसवून बाही सपाट करायला सांगा. नळीसारख्या बाहीत मशीनचा पाय नीट फिरत नाही आणि खालचा थर पकडला जातो.

आणि गाईडच्या गणवेशासाठी टेलरला स्काऊट मुलाच्या शर्टाचा फोटो दाखवू नका. जांभळा जागतिक स्काऊट बॅज गाईडला नसतो. गाईडच्या जागतिक संघटनेचं चिन्ह त्रिदल आहे.

प्रश्न: 15 ऑगस्टच्या संचलनात मुलं भिजली. हिरव्या बॅजचा रंग करड्या शर्टावर उतरला. निघेल का?
– एक शिक्षिका, वागळे इस्टेट

उत्तर: शर्ट अजून वाळला नसेल तर बहुधा निघेल. वाळला आणि त्यावर इस्त्री फिरली असेल तर अवघड आहे. ओला असतानाच गार पाण्याच्या धारेखाली उलट्या बाजूने धरा, म्हणजे रंग बॅजपासून दूर वाहील. मग नेहमीच्या धुण्याच्या पावडरीत, गार पाण्यात, वीस मिनिटं. पाणी रंगलं की लगेच बदला. त्याच रंगीत पाण्यात शर्ट ठेवला तर डाग सगळीकडे पसरतो. गरम पाणी, क्लोरीनची ब्लीच आणि ऊन, तिन्ही टाळा.

पुढच्या वेळी बॅज हातात आला की पांढरं ओलं फडकं त्यावर मिनिटभर दाबून धरा. फडक्यावर रंग आला तर तो बॅज शिवू नका, बदलून मागा. शाळेने जिल्हा कार्यालयामार्फत मागवलेलेच बॅज घ्यावेत, बाजारातल्या नकला नकोत. ओळखायची एक खूण म्हणजे अशोकचक्र: आरे 24 असतात, आणि नकलेत ते नुसते गिचमिड होतात.

प्रश्न: सेफ्टी पिनने बॅज लावले तर धुताना काढता येतात. काय हरकत?
– एक पालक, बेलापूर

उत्तर: खाडीकाठच्या दमट हवेत पिन पावसाळ्यात काही दिवसांत गंजते आणि कापडावर तपकिरी ठिपका पडतो. दीक्षेच्या दिवशी तासाभरापुरती पिन ठीक, त्याच संध्याकाळी काढून शिवा. ठिपका पडलाच तर त्यावर लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. गरज पडली तर पुन्हा करा. आधी शर्टाच्या आतल्या दुमडीवर करून रंग उडत नाही ना ते बघा. गंजावर ब्लीच कधीही नको, डाग कायमचा होतो.

फेव्हिकॉल, इस्त्रीने चिकटणारी जाळी, वेल्क्रो यांबद्दलही चार पत्रांत विचारणा आहे. गोंद धुण्यात सुटतो आणि मागे कडक पापुद्रा उरतो. जाळी शिवण्याआधी बॅज स्थिर ठेवायला चांगली, पण तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नका. वेल्क्रो शर्टावर नको.

प्रश्न: शाळेचा हाऊस बॅज, आरएसपीचा (रस्ता सुरक्षा दलाचा) बिल्ला, धावण्याच्या शर्यतीतलं पदक स्काऊटच्या शर्टावर लावू का?
– आठवीतला एक स्काऊट, ठाणे पूर्व

उत्तर: नको. ती तुझी कमाई आहे, पण त्या गणवेशावर लाव ज्यात ती मिळाली.

प्रश्न: 24 मुलांच्या पथकासाठी स्कार्फ एकदमच शिवून घ्यायचे आहेत. कापड किती घ्यावं? रंग पिवळा ठरवतोय.
– एक स्काऊट मास्तर, कोपरखैरणे

उत्तर: सर, रंग आधी बदला. पथकाच्या स्कार्फला हिरवा, पिवळा आणि जांभळा हे तीन रंग चालत नाहीत. दुसरा निवडून स्थानिक किंवा जिल्हा संस्थेची मान्यता घ्या आणि मगच कापडाला हात लावा. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर एकाच ताग्यातलं कापड मागा. दोन ताग्यांतला फरक रांगेत उभं राहिल्यावर लगेच दिसतो.

स्कार्फ त्रिकोणी, दोन बाजू 70 ते 80 सेंमी. चौरस कापून तिरका छेद दिला की दोन स्कार्फ होतात, म्हणजे तुम्हाला 12 चौरस लागतील. 36 इंची पन्ह्याच्या कापडात एका रुंदीत एकच चौरस बसतो. 77 सेंमीचे 12 चौरस म्हणजे 9.24 मीटर, साडेनऊ घ्या. 58 इंची पन्हा मिळाला तर शेजारी-शेजारी 73 सेंमीचे दोन बसतात आणि साडेचार मीटरमध्ये काम होतं. हाच स्वस्त पडतो, पण इथे एक अडचण लक्षात ठेवा. तिन्ही कडा दुमडल्या की त्रिकोणाची बाजू दुमडीच्या जवळजवळ साडेतीनपट कमी होते. एक सेंटीमीटरची दुमड घातली तर 73 चे साडेएकोणसत्तर राहतात आणि माप कमी भरतं. 36 इंची कापडाच्या 77 च्या चौरसाला एक सेंटीमीटरची दुमड चालते, 58 इंचीला मात्र दुमड अर्ध्या सेंटीमीटरची, किंवा कडेला पिको.

तिरकी कड ताणली जाते आणि स्कार्फ लाटेसारखा होतो. कापल्याबरोबर, दुमडण्याआधी, त्या कडेवर एक साधी सरळ शिवण मारून घ्यायला सांगा. 24 जणांचं एकदम कापण्याआधी एक पूर्ण शिवून, धुऊन, मुलाच्या गळ्यात वॉगलसह (स्कार्फ गळ्याशी अडकवायचं कडं) घालून बघा. वॉगल पथकाचा असावा. गिलवेल वॉगल मुलांना नाही, तो प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढांचा आहे.